शिडाच्या बोटीचं तुटलेलं रिगिंग: कमी खर्चात, स्वतःच्या हातानं दुरुस्ती

रिगिंग म्हणजे डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा आणि दोर. त्यातली श्राउड, म्हणजे बाजूची तार, तुटली की बहुतेक जण आधी नव्या तारेचा भाव विचारतात. माझं म्हणणं आहे की आधी तुटलेलं टोक हातात घ्या आणि ते का तुटलं हे शोधा. तार का गेली हे कळल्याशिवाय नवी चढवली, तर त्याच जागी तीही जाईल आणि पैसे दोनदा खर्च होतील. शिवाय दुसऱ्यांदा तुटताना डोलकाठीही जायची शक्यता असते. या कामात खरी बचत मजुरीत असते. मोजमाप, उतरवणं, जोडणी आणि ताण देणं ही सगळी कामं थोडी चिकाटी असलेला माणूस स्वतः करू शकतो. ज्या धातूवर आणि दोरावर डोलकाठीचा भार आहे, तिथे मात्र खर्चाला कात्री लावायची नाही.

हा लेख साधारण 6 ते 9 मीटर लांबीच्या, अॅल्युमिनियमची डोलकाठी आणि स्टेनलेस तारा असलेल्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. डोलकाठीला घडी किंवा चीर पडली असेल, तारांऐवजी भरीव सळ्यांचं रॉड रिगिंग असेल किंवा बोट बरीच मोठी असेल, तर हे काम जाणकार रिगरकडेच द्या.

पाण्यावर असतानाच तुटलं तर

पहिली काही सेकंदं फार महत्त्वाची असतात. तुटलेल्या तारेवरचा भार ताबडतोब दुसरीकडे न्यायचा, एवढंच तेव्हा करायचं असतं.

वाऱ्याकडची श्राउड तुटली तर लगेच टॅक करा, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूला घ्या. बोट वळली की भार दुसऱ्या बाजूच्या शाबूत तारांवर जातो आणि तुटलेली बाजू वाऱ्याआड येते. फोरस्टे (डोलकाठीची पुढची तार) तुटला तर बोट वाऱ्याच्या दिशेनं पळवा, म्हणजे वारा मागून येईल आणि डोलकाठी पुढे ढकलली जाईल. बॅकस्टे (मागची तार) तुटला तर उलट करायचं. बोट वाऱ्याकडे वळवा आणि मेनशीट (मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, आवळणारा दोर) घट्ट ओढून ठेवा. मेनसेलची मागची कडा तेवढ्यापुरती बॅकस्टेचं काम करते, म्हणून मेनसेल घाईनं उतरवू नका. पर्यायी आधार लागेपर्यंत ते राहू द्या.

मग मोकळा हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) घ्या, तुटलेल्या बाजूच्या चेनप्लेटला (तार बोटीला अडकवणाऱ्या धातूच्या पट्टीला) किंवा बोटीच्या पुढच्या टोकाच्या मजबूत कड्याला बांधा आणि विंचनं (दोर ताणायच्या फिरत्या ढोलानं) ताणा. यानंतरच शिडं उतरवून सावकाश परत निघा. बॅकस्टे नसताना टॉपिंग लिफ्ट (शिडाच्या आडव्या दांड्याला वरून धरणारा दोर) किंवा मोकळा हॅलियार्ड मागच्या टोकाला बांधता येतो. डोलकाठीच पडली असेल आणि तिचं टोक बोटीच्या अंगावर आपटत असेल, तर तारा कापत बसण्यापेक्षा क्लेव्हिस पिना (तारेचं टोक अडकवणाऱ्या आडव्या खिळ्या) काढणं सोपं पडतं. त्यासाठी हातोडी, पंच आणि पक्कड बोटीवर कायम हाताशी असावी.

तुटलेलं टोक काय सांगतं

आता बंदरात आहात आणि घाई नाही. तुटलेल्या जागेची दोन्ही टोकं स्वच्छ पुसा आणि भिंगाखाली धरा.

बोटींच्या उभ्या तारा बहुधा 1×19 प्रकारच्या असतात. मधे एक तार, तिच्याभोवती 6 आणि बाहेर 12. या बारीक तारांची तुटलेली तोंडं नीट पाहा. काही तोंडं काळपट किंवा तपकिरी आणि काही चकचकीत असतील, तर तार एका झटक्यात गेलेली नाही. काळपट तारा महिन्यांपूर्वीच तुटल्या होत्या आणि उरलेल्या चकचकीत तारांनी शेवटपर्यंत भार ओढला. सगळी तोंडं ताजी, ताणून बारीक झालेली असतील, तर एकाच वेळी फार मोठा भार आला असावा. असं क्वचितच होतं.

तार कुठे तुटली हेही तेवढंच महत्त्वाचं आहे. बहुतेक वेळा ती खालच्या टर्मिनलच्या (तारेच्या टोकावर बसवलेल्या जोडाच्या) तोंडाशी तुटते. तारेवरून ओघळलेलं खारं पाणी दाबून बसवलेल्या त्या नळीच्या तोंडात साठतं. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि हा थर टिकायला ऑक्सिजन लागतो. फटीत साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, क्षार उरतात आणि थर फाटतो. बाहेरून चकचकीत दिसणारं स्टील आतून पोखरलं जातं ते असं. 316 प्रकारात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते 304 पेक्षा समुद्रात बरं टिकतं, पण फटीतल्या गंजापासून तेही पूर्ण सुटत नाही.

तार टर्मिनलच्या तोंडाशी वाकून तुटली असेल, तर संशय टॉगलवर घ्या. टॉगल म्हणजे तारेला दोन्ही दिशांना मोकळं हलू देणारा सांधा. तो नसेल किंवा जाम असेल, तर बोटीच्या प्रत्येक हेलकाव्याला तार एकाच जागी वाकते. तेच लाखो वेळा झालं की धातू थकतो. वाऱ्याआडच्या सैल श्राउडची सततची थरथरही असाच थकवा आणते. म्हणजे तार सैल ठेवल्यानं तिचं आयुष्य वाढत नाही, कमी होतं.

तार न तुटता पिन निसटली असेल, तर बहुधा स्प्लिट पिन (पिन निसटू नये म्हणून घालायची दुपायी बारीक पिन) नव्हती किंवा नीट उघडलेली नव्हती. अशा वेळी तार तपासून पुन्हा वापरता येते. सगळ्यात स्वस्तात सुटणारी घटना हीच.

बाकीचं रिगिंग तपासा

एक तार तुटली म्हणजे तिच्याच वयाच्या, तेवढंच खारं पाणी प्यालेल्या बाकीच्या ताराही संशयित आहेत. नियमित वापराच्या बोटीवर स्टेनलेस तारा साधारण 10 ते 15 वर्षांत बदलाव्यात असा सर्वमान्य संकेत आहे. तुमच्या तारा त्या वयाच्या असतील, तर एकच बदलणं ही बचत नाही. पूर्ण संच बदला. पैसे कमी असतील तर टप्प्याटप्प्यानं बदला आणि तोवर बोट बांधून ठेवा.

तपासणीला महागडं काही लागत नाही. मऊ कापूस किंवा टिश्यू पेपर तारेवरून वरून खाली ओढत न्या. जिथे धागा अडकला तिथे बारीक तार तुटलेली आहे. हाताला जाड मोजे घाला, कारण तुटलेली तार नखात घुसली तर ती जखम लवकर बरी होत नाही. 1×19 मधली एकही बारीक तार तुटलेली सापडली, तर ती अख्खी तार बाद समजा. "एकोणीसातली एकच तर गेलीय" हा हिशेब चालत नाही, कारण उरलेल्या अठरा तारांनीही तेवढाच थकवा सोसलेला असतो.

टर्मिनलच्या अंगावर उभ्या बारीक चिरा असतात, त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी डाय पेनिट्रंट नावाचा तीन स्प्रेचा संच मिळतो. आधी क्लीनरनं पृष्ठभाग स्वच्छ करा. मग लाल रंग मारून डब्यावर दिलेला वेळ थांबा, जादा रंग पुसा आणि पांढरा डेव्हलपर मारा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. एका संचात सगळे टर्मिनल, टर्नबकल (तार आवळायचे आट्यांचे जोड) आणि चेनप्लेट तपासून होतात. या कामात इतक्या थोड्या पैशांत इतकी खात्री दुसऱ्या कशानं मिळत नाही.

पैसे कुठे वाचवायचे

जुनी तार विकत घेऊ नका. स्वेज केलेलं, म्हणजे यंत्रानं दाबून बसवलेलं, जुनं टर्मिनलही नको. त्यांच्या आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही. मात्र कप्प्या, विंच, आटे चांगले असलेली ब्राँझच्या अंगाची टर्नबकलं आणि मोजता येणाऱ्या नव्यासारख्या पिना जुन्या घ्यायला हरकत नाही. ब्राँझच्या अंगात स्टीलचे स्क्रू असलेलं टर्नबकल मला स्टीलमधल्या स्टीलपेक्षा जास्त आवडतं. दोन्ही भाग स्टेनलेस असले की भाराखाली फिरवताना आटे एकमेकांत जाम होतात आणि मग ते करवतीनं कापूनच काढावं लागतं.

तारेच्या प्रकारात तडजोड नको. 1×19 च्या जागी हाती आली म्हणून त्याच जाडीची 7×19 (19 बारीक तारांच्या सात पेडांची, मऊ) लावली, तर ती ताकदीनं कमी पडते आणि ताणलीही जास्त जाते. 1×19 प्रकारच्या 316 स्टीलची 4 मिलिमीटर तार साधारण दीड टन भारावर तुटते, 5 मिलिमीटरची सुमारे 2.4 टनावर आणि 6 मिलिमीटरची साधारण 3.4 टनावर. मिलिमीटरभरानं केवढा फरक पडतो पाहा. म्हणून जुनी तार व्हर्निअरनं मोजा, कापडी टेपनं नको.

आता दुरुस्तीचे तीन रस्ते आहेत.

पहिला, तार स्वतः मापून घ्यायची आणि टर्मिनल वर्कशॉपमध्ये दाबून घ्यायचे. सुटे भाग यात सगळ्यात स्वस्त पडतात, पण माप चुकलं तर तार वाया जाते.

दुसरा, वरचं टोक यंत्रावर दाबून घ्यायचं आणि खालच्या टोकाला हातानं जोडायचा मेकॅनिकल टर्मिनल लावायचा. स्टा-लॉक किंवा नॉर्समन या नावांनी ते ओळखले जातात. किंमत जास्त, पण दोन साध्या पान्यांनी काम होतं, माप जागेवरच जुळवता येतं आणि पुढच्या वेळी फक्त आतला शंकू बदलून टर्मिनल परत वापरता येतो. माझी शिफारस याच रस्त्याला आहे.

तिसरा, स्टीलची तार सोडून डायनीमाचा दोर. यात जवळपास सगळं काम हातानं होतं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

पारंपरिक बांधणीच्या बोटींवर जस्तलेपित 7×7 तार हातानं स्प्लाइस करून (टोक परत त्याच तारेत विणून) लावण्याची रीत अजून आहे. ती स्वस्त आहे आणि गंज आधीच दाखवून इशारा देते. तेल पाजून, वर सुतळी गुंडाळून जपली तर ती छान टिकते. 1×19 तार मात्र हातानं स्प्लाइस होत नाही.

तारेला वळसा देऊन यू-बोल्टच्या क्लिपा लावणं ही कायमची दुरुस्ती नव्हे. 1×19 ताठ असते, क्लिपेखाली ती चेपते किंवा सरकते. परत येण्यापुरत्या लावायच्याच झाल्या, तर मऊ 7×7 किंवा 7×19 तारेवर थिंबल (वळशाच्या आत बसणारी धातूची खाचेची कडी) घालून किमान तीन लावा. दोन क्लिपांमधे तारेच्या व्यासाच्या सहापट अंतर ठेवा. क्लिपचा खाचेचा ठोकळा भाराच्या तारेवर आणि यू-बोल्ट उरलेल्या मोकळ्या टोकावर बसला पाहिजे. उलट लावला तर यू-बोल्ट भाराची तारच चेपतो.

माप घेणं

जुनी तार काढण्यापूर्वी टर्नबकलचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवा. आधीचं माप परत जुळवायला दुसरं साधन तुमच्याकडे नसतं. त्या बाजूला हॅलियार्ड ताणून डोलकाठीला आधार द्या आणि एका वेळी एकच तार काढा. हॅलियार्ड स्नॅप शॅकलवर (झटक्यात उघडणाऱ्या कडीवर) सोडू नका, बोलाइन गाठ (न सरकणारा फास) मारून बांधा.

तार तुटलेली असेल तर समोरच्या बाजूची जोडीदार तार माप देते. ती सरळ जमिनीवर पसरा, एक टोक खिळ्याला अडकवून दुसरं हातानं ताणा आणि वरच्या पिनच्या मध्यापासून खालच्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. दोन माणसांनी दोनदा मोजावं आणि दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जावं. नवी तार पहिल्या काही दिवसांत थोडी लांबते, म्हणून टर्नबकलमध्ये सैल करण्यापेक्षा आवळण्याला जास्त जागा राहील असं माप ठेवा. पण सुरुवातीलाच दोन्ही बाजूंचे आटे अंगात पुरेसे रुतलेले हवेत, निदान स्क्रूच्या व्यासाच्या दीडपट तरी.

तार कापताना कापायच्या जागेवर इलेक्ट्रिकची टेप तीन-चार वेढे घट्ट गुंडाळा, लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये आवळा आणि बारीक दातांच्या हॅक्सॉनं टेपवरूनच कापा. इंचाला 32 दात असलेलं पातं घ्या. साध्या कटरनं टोक चपटं होतं आणि मग ते टर्मिनलमध्ये शिरत नाही.

मेकॅनिकल टर्मिनल जोडणं

हे काम टेबलावर, भरपूर उजेडात करा. आधी टर्मिनलचं नळीसारखं अंग तारेवर चढवून खाली सरकवून ठेवा. हे विसरलं तर शेवटी सगळं उलगडावं लागतं.

आता टेप काढा. बाहेरच्या 12 तारा पिळाच्या उलट दिशेनं, शंकूच्या लांबीपेक्षा थोड्या जास्त, अलगद मोकळ्या करा. मधला गाभा, म्हणजे 1 अधिक 6 अशा 7 तारा, तसाच एकत्र राहतो. त्यावर शंकू चढवा, निमुळती बाजू आधी. गाभ्याचं टोक शंकूच्या वर साधारण दीड-दोन मिलिमीटर बाहेर दिसलं पाहिजे. नेमका आकडा तुमच्या टर्मिनलसोबतच्या कागदावर असतो, तोच पाळा.

शंकूला एक उभी चीर असते. बाहेरच्या 12 तारा पुन्हा मूळ पिळानुसार शंकूभोवती बसवताना यातली एकही तार त्या चिरेत पडता कामा नये. पडली तर शंकू नीट आवळला जात नाही आणि ती जागा कमकुवत राहते. तारा एकमेकींवर न चढता सारख्या अंतरावर बसल्या की अंग वर ओढा. आता बारा टोकं अंगाच्या तोंडातून गोलाकार डोकावतील. टर्मिनलसोबत आलेला फॉर्मर (तारांची टोकं वळवणारा तुकडा) असेल तर तो आत बसवा, वरचा भाग हातानं फिरवा आणि मग पान्यानं बेताचं आवळा.

इथे न थांबता परत उघडा. बाराही टोकं शंकूच्या माथ्यावर सारखी आत वळलेली दिसायला हवीत. एखादं बाहेर पळालं असेल, तर आत्ताच पुन्हा बसवा. सगळं बरोबर असेल तर आत समुद्री वापराचा सीलंट भरा, आट्यांना थ्रेड लॉकर लावा आणि शेवटचं आवळा. तार जिथे आत शिरते तिथून सीलंट किंचित बाहेर आला म्हणजे आत पाण्याला जागा उरली नाही. फार जोर लावू नका. पाना अडला की थांबा.

डायनीमाचा रस्ता

डायनीमा हा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा दोर. वजनाच्या मानानं तो स्टीलपेक्षा कितीतरी ताकदवान आहे, पाण्यावर तरंगतो आणि गंजत नाही. याचं काम सुई आणि कात्रीनं होतं, म्हणून कमी खर्चात रिगिंग करणाऱ्यांना तो मोहात पाडतो. त्याचे दोष आधी समजून घ्या.

सततच्या भाराखाली तो कायमचा हळूहळू लांबत जातो, याला क्रीप म्हणतात. उष्णतेत हे वाढतं. म्हणून दोराची जाडी नुसती तुटण्याच्या ताकदीवरून ठरवायची नाही. तारेइतक्याच ताकदीचा दोर घेतला तर तो पातळ होतो आणि रोजच्या ताणानंही लांबत राहतो. तारेपेक्षा एक-दोन मापं जाड घ्या आणि कमी क्रीपच्या, उष्णता देऊन आधीच ताणलेल्या प्रकारातला घ्या. साधारण 150 अंश सेल्सिअसला तो वितळतो, म्हणून धुराड्याजवळ किंवा घासून गरम होणाऱ्या जागी त्याला स्थान नाही. घासणं हा त्याचा मोठा शत्रू. फोरस्टेला, जिथे शिडाच्या पितळी हुका रोज वरखाली घासतात किंवा फर्लर (शीड गुंडाळणारं साधन) फिरतो, तिथे मी स्टीलची तारच ठेवेन. श्राउड आणि बॅकस्टेसाठी डायनीमा चांगला.

यात गाठ मारायची नाही. डायनीमा इतका गुळगुळीत असतो की गाठ सरकते, आणि टिकली तरी दोराची निम्म्याहून जास्त ताकद खाते. स्प्लाइसच करायचा. 12 पेडांच्या पोकळ विणीच्या दोरात तो करणं सोपं आहे. दोराचं टोक थिंबलभोवती फिरवा. टोक आधी दोराच्या आरपार काढा, मग दोराचा लांब भाग टोकाच्या आरपार काढा, म्हणजे स्प्लाइस जागच्या जागी अडकतो. उरलेलं शेपूट दोराच्या पोकळीत घुसवा. ते व्यासाच्या सुमारे 72 पट आत गेलं पाहिजे. 5 मिलिमीटर दोराला 36 सेंटिमीटर, 6 मिलिमीटरला 43. शेपटाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात एकेक पेड कापत ते निमुळतं करा. एकदम जाड संपलं तर तिथे दोर एकाएकी वळतो आणि नेमका तिथेच तुटतो. शेवटी वरचं आवरण हातानं थिंबलपासून पुढे चोळत न्या, म्हणजे आतलं शेपूट गुळगुळीत बसतं. सैल असताना स्प्लाइस सरकू नये म्हणून सुई-दोऱ्यानं आडवे टाके घाला.

स्प्लाइस भाराखाली बसताना दोर लांबतो. म्हणून नवा स्टे बोटीवर चढवण्याआधी दोन भक्कम खुंट्यांमध्ये चेन पुलीनं ताणून काही तास ठेवा. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणीही उभं राहू नये.

खाली टर्नबकलऐवजी बारीक डायनीमाचं लॅशिंग चालतं. स्टेच्या थिंबलमधून आणि चेनप्लेटला लावलेल्या शॅकलमधून चार-पाच फेरे घ्या, एकेक फेरा ओढून घट्ट करा, शेवटचं टोक विंचवर ताणा आणि फेऱ्यांभोवतीच अर्ध्या गाठींची ओळ मारून संपवा. सगळ्या फेऱ्यांची मिळून ताकद मूळ स्टेपेक्षा बरीच जास्त हवी, कारण वळणांवर घर्षणात बरीचशी जाते. चेनप्लेटच्या भोकाची धार थेट दोराला लागू देऊ नका, शॅकल मधे हवाच. स्प्रेडरच्या (श्राउडला डोलकाठीपासून दूर धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकाशी दोर चामड्यात किंवा जाड आवरणात गुंडाळा.

चेनप्लेट

डेकमधून आरपार जाणारी चेनप्लेट डेकच्या जाडीत लपलेली असते, आणि गंज नेमका त्याच लपलेल्या पट्ट्यात होतो. वरून आणि खालून चकचकीत, मधे अर्धी खाल्लेली. जवळ तपकिरी ओघळ दिसला तर ती बाहेर काढल्याशिवाय निर्णय घेऊ नका. काढल्यावर खड्डे किंवा चीर दिसली तर वेल्डिंग करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. 316 ची त्याच जाडीची आणि रुंदीची पट्टी घ्या, जुन्या पट्टीला नमुना ठेवून भोकं मारून घ्या आणि कडा व पृष्ठभाग पॉलिश पेपरनं आरशासारखे करा. गुळगुळीत पृष्ठभागावर खारं पाणी अडकत नाही, म्हणून पॉलिश इथे शोभेपुरतं नाही. तयार भागापेक्षा हे काम बरंच स्वस्तात होतं. बोल्टही सगळे नवे घाला.

डेकच्या गाभ्यातलं लाकूड ओलं निघालं तर कुजकं खरवडून काढा, पूर्ण वाळू द्या, भोक मोठं करून एपॉक्सीनं भरा आणि मग एपॉक्सीमधून नवं भोक पाडा. यापुढे पाणी झिरपलं तरी लाकडाला लागणार नाही. बसवताना ब्युटिल टेप वापरा, ती बरीच वर्षं मऊ राहते.

डोलकाठीवर चढण्याबद्दल

ज्या डोलकाठीची तार तुटली आहे तिच्यावर शक्यतो चढूच नका. छोट्या बोटीची डोलकाठी खाली उतरवणं सुरक्षित असतं आणि सगळं काम जमिनीवर आरामात होतं. चढावंच लागलं तर दोन वेगळे हॅलियार्ड घ्या, एक बोसन चेअरला (माणसाला वर ओढायच्या बैठकीला) आणि एक हार्नेसला (अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याला), दोन्ही गाठीनं बांधलेले. खालचा माणूस डोलकाठीच्या थेट खाली उभा नसावा. प्रत्येक पाना दोरीनं कमरेला बांधलेला असावा.

वर असताना स्प्रेडरचे कोन पाहून घ्या. स्प्रेडरच्या टोकाशी श्राउड वर आणि खाली जो कोन करते, तो स्प्रेडरनं बरोबर अर्धा कापला पाहिजे. टोक खाली लोंबत असेल तर भाराखाली ते सटकू शकतं. अॅल्युमिनियममध्ये बसवलेल्या स्टेनलेस स्क्रूंना दोन धातूंच्या मधे येणारी पेस्ट लावा, नाहीतर अॅल्युमिनियम पांढरं होऊन फुगतं आणि स्क्रू पुढे कधीच निघत नाही.

ताण देणं

महागडं टेन्शन गेज नसलं तरी चालतं. 1×19 तारेच्या 2 मीटर लांबीत 1 मिलिमीटर वाढ झाली, की तुटण्याच्या भाराच्या 5 टक्के ताण आला समजायचं. तार जाड असो की बारीक, हा हिशेब तोच राहतो.

दोन्ही बाजूंच्या वरच्या श्राउड (डोलकाठीच्या माथ्याकडे जाणाऱ्या) आधी हातानं आवळण्याइतपतच ठेवा. 2 मीटरची पट्टी तारेला समांतर धरून तिचं वरचं टोक टेपनं तारेला पक्कं करा, खालचं मोकळं ठेवा. पट्टीचं खालचं टोक तारेवर जिथे येतं तिथे टर्मिनलपर्यंतचं अंतर व्हर्निअरनं मोजा. आता दोन्ही बाजू आळीपाळीनं सारख्या फेऱ्यांनी आवळत जा. अंतर 3 मिलिमीटरनं वाढलं म्हणजे 15 टक्के, 4 मिलिमीटर म्हणजे 20 टक्के. वरच्या श्राउडना साधारण 15 ते 20 टक्के पुरेसा असतो. बोटीसोबत आलेल्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. डायनीमाला हा हिशेब लागू नाही.

आवळण्यापूर्वी डोलकाठी मध्यावर आहे का ते मेन हॅलियार्डनं तपासा. त्याचं टोक एका चेनप्लेटला टेकेल एवढं सोडून पक्कं करा, मग दुसऱ्या बाजूच्या चेनप्लेटला नेऊन पाहा. दोन्हीकडे सारखं टेकलं पाहिजे. खालच्या श्राउड (स्प्रेडरच्या बुडाशी लागणाऱ्या) वरच्यांनंतर आवळा आणि अधूनमधून डोलकाठीच्या खाचेला डोळा लावून वर पाहा. खाच बाजूला वाकलेली दिसली तर खालच्या श्राउडनं ती सरळ करा.

मध्यम वाऱ्यात बोट 20 अंशांच्या आसपास कलली असताना वाऱ्याआडच्या वरच्या श्राउडला हात लावा. ती थोडी मऊ लागावी, पण झुलता कामा नये. झुलत असेल तर ती सैल असतानाच आवळा, मग टॅक करून दुसरी बाजूही तेवढीच आवळा. भाराखालचं टर्नबकल फिरवू नका.

हलते दोर, थोडक्यात

हॅलियार्ड कप्पीवर ज्या जागी कायम वळलेला असतो, तिथेच झिजतो. पूर्ण बदलण्याआधी टोकाकडचा तेवढा भाग कापून टाका किंवा दोर उलटा फिरवा, आणखी काही वर्षं निघतात. कडक झालेले दोर गोड्या पाण्यात सौम्य साबणानं धुवा. बदलताना जुन्या दोराच्या टोकाला नवं टोक समोरासमोर धरून शिवा, वर पातळ टेप गुंडाळा आणि जुना ओढत नवा आत घ्या. नवा हॅलियार्ड झिजत असेल तर कप्पीच्या कडेचा चरा शोधा आणि पॉलिश पेपरनं घासून काढा.

बोट बाहेर काढण्यापूर्वी

प्रत्येक क्लेव्हिस पिन तिच्या भोकात नीट बसणारी असावी. भोकापेक्षा बारीक पिन एकाच रेघेवर भार घेते आणि कडा चेपते. प्रत्येक पिनला नवी स्प्लिट पिन घाला. तिचे पाय फार लांब ठेवू नका, नाहीतर ते शिडं आणि बोटं फाडतात. दोन्ही पाय साधारण 20 अंश उघडा. पूर्ण मागे दुमडलेली पिन अडचणीच्या वेळी निघत नाही. टर्नबकलचे दोन्ही स्क्रूही स्प्लिट पिननं अडवा, नुसत्या लॉकनटवर विसंबू नका.

पहिल्यांदा हलक्या वाऱ्यात, किनाऱ्याच्या जवळ, दोन्ही टॅकवर बोट चालवा. परत आल्यावर ताण पुन्हा तपासा, तारेचा पट्टीनं. नवी तार असो की डायनीमा, तो कमी झालेला असेल. पुन्हा आवळा, स्प्लिट पिना पुन्हा घाला, आणि आट्यांचा आणि ताणाचा नवा आकडा तारखेसह वहीत लिहा.